फळीचा इतिहास

गेल्या मे महिन्यात आमच्या चिरंजीवांनी जेवताना जाहीर केले की, त्यांना लाँगबोर्ड करायचा आहे. मी बँकेतला माणूस. बोर्ड म्हटले की मला संचालक मंडळ आठवते. लाँगबोर्ड म्हणजे ज्याची सभा लवकर आटपत नाही असे संचालक मंडळ, अशी मी मनाशी समजूत करून घेतली आणि आमटी वाढून घेतली.

मग खुलासा झाला. चाळीस इंच लांब फळी, खाली चार चाके, वर आपण.

"म्हणजे बेरिंगचा गाडा!" मी म्हणालो.

"नाही हो बाबा, ह्याच्यावर उभं राहतात."

आम्ही बसत होतो. फरक एवढाच. बी. कॉम. झालेल्या माणसाने इतिहासात नाक खुपसू नये हे मला कळते, पण वंशावळ तपासायला तो काही इतिहासाचा पेपर नव्हे. चिरंजीवांच्या मते ही वस्तू अमेरिकेत जन्मली. खरे आहे. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी रोलर स्केटची चाके उपटून फळीला ठोकली. समुद्राला लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर लाटा काढायला. तिकडच्या पोरांनी फळीला ठोकले की त्याचा खेळ होतो. आमच्या पोरांनी ठोकले की पोरांना ठोकतात. 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकात मोमिजी निशिया नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने ह्याच खेळात सुवर्णपदक घेतले. तेराव्या वर्षी आमच्या गल्लीत फक्त वळ मिळायचे.

आणि बेरिंगचे म्हणाल, तर फिलिप व्हॉन नावाच्या वेल्समधल्या एका लोखंडवाल्याने 1794 साली त्याचे पेटंट घेतले, ते गाडीच्या आसासाठी. पुढे बेरिंग यंत्रात गेले, मोटारीत गेले, पंख्यात गेले. गॅरेजच्या भंगारातून उचलून ते परत गाड्याला लावणारी आम्ही साताऱ्याची पोरे म्हणजे एका अर्थी मूळ पेटंटाची बूज राखणारी माणसे होतो.

भंगाराची आमच्या दोन जिल्ह्यांना तशी वाण नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि 1910 साली कुंडल रोडच्या माळावर, औंधच्या राजांनी दिलेल्या जागेत, किर्लोस्करवाडी उभी केली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपरांचा कारखाना. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. थोडक्यात, वंगणाचे डाग पडलेले हात आमच्या भागात प्रतिष्ठित होते. फक्त ते आपल्या स्वतःच्या मुलाचे असू नयेत, अशी घरोघरची अपेक्षा असे.

1991 साली देशाने आपली अर्थव्यवस्था मोकळी सोडली आणि त्याच वर्षी मी आणि दादाने आमचा गाडा. मी अकरा वर्षांचा, दादा चौदाचा. वाण्याकडून चहाचे रिकामे खोके आणले. आपल्याकडे प्लायवूडचा धंदा मुळात वाढला तोच आसामात, चहाच्या पेट्यांसाठी; त्यामुळे कच्चा माल अस्सल होता. तीन तुकडे एकावर एक ठोकून बैठक केली. बेरिंगे 6203 नंबरची, बाहेरून 40 मिलिमीटर. मागचा आस पक्का. पुढचा एका बोल्टवर फिरता, त्याला दोन्हीकडे दोरी, म्हणजे लगाम. गॅरेजच्या मिस्त्रीने बोल्ट देताना दोन नट दिले आणि म्हणाला, "दुसरा चेकनट. तो वर आवळायचा. नाहीतर थरथरीनं पहिला सुटतो."

चेकनटाचे खाते माझ्याकडे होते. मी तो दोन काचेच्या गोट्यांच्या बदल्यात देऊन टाकला. एक नट गच्च बसलाय की, मग दुसरा कशाला? सहकारी बँकेत दोन सह्या का लागतात हे मला नंतर पुष्कळ वर्षांनी समजले.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले गाव. वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्याकडे उतरणारे बोळ म्हणजे गाड्यासाठीच बांधलेले. दादा बसला, मी ढकलले. लोखंडी बेरिंगाला डांबराचा प्रत्येक खडा मोजावा लागतो. तो आवाज अजून दातांत आहे. अमेरिकेतही 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने पॉलियुरेथेनची मऊ चाके आणीपर्यंत एक खडा चाकाखाली आला की माणूस पुढे आणि फळी मागे, असाच कारभार होता. आमच्याकडे खड्याचीही गरज पडली नाही. निम्म्या बोळात नट सुटला, पुढचा आस आडवा झाला आणि दादा गटाराच्या कठड्यावर गेला.

पाय मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर. घरी दादानेच सांगितले, जिन्यावरून पडलो. वडिलांचा विश्वास बसला नसावा, कारण बेरिंगे त्याच संध्याकाळी भंगारवाल्याकडे गेली. दादा शाळेच्या कबड्डीच्या संघात होता. पुढच्या वर्षी तो संघाचे गुण लिहायला बसू लागला. चेकनटाबद्दल त्याने मला कधी विचारले नाही आणि मीही कधी काढले नाही.

असो. सांगलीत बदली होऊन मला नऊ वर्षे झाली. गाव सपाट, इथे चाक स्वतःहून कुठे जात नाही. कदाचित म्हणूनच मी चिरंजीवांना हो म्हटले. प्लायवूडच्या दुकानात मालकाने विचारले, "एमआर देऊ की मरीन?" 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या सांगलीकराला मरीन ह्या शब्दाचे हसू येत नाही. मरीन घेतले. चार मिलिमीटरचे तीन तुकडे, मध्ये फेव्हिकॉल.

ह्यात एक गंमत आहे. पातळ तुकडे वाकवताना एकमेकांवर थोडे थोडे सरकतात. गोंद वाळला की सरकणे बंद, आणि फळी दिलेला बाक विसरत नाही. बाक वर हवा होता. म्हणून मधोमध खाली काठी ठेवली आणि दोन्ही टोकांवर वजन म्हणून आईचे जाते. एका टोकाला वरचा दगड, दुसऱ्याला खालचा. इतक्या वर्षांत त्यांची ताटातूट पहिल्यांदाच झाली असेल. "पीठ पडतंय का बघा," असे बायकोने दोनदा विचारले.

चोवीस तासांनी फळी निघाली ती धनुष्यासारखी. पोराने ती करवतीने कापली, पॉलिश पेपरने घासली, घरपोच मागवलेली चाके बसवली. ह्या चाकांतले बेरिंग 608 नंबरचे, बाहेरून जेमतेम 22 मिलिमीटर. पण खाली वाकून पाहिले तर काय, इथेही पुढचा आस एकाच बोल्टवर वळणारा! रात्री दोनदा उठून मी तो नट चाचपून आलो.

रविवारी दादा मिरजेच्या लग्नाहून आमच्याकडे आला. पोराने फळी दाखवली. दादाने ती उलटी केली, चाक फिरवले, कानाशी धरले. मग बोल्टावर अंगठा ठेवून म्हणाला,

"चेकनट कुठाय रे?"

"काका, ह्याला नायलॉनवाला नट असतो. तो थरथरीनं सुटत नाही."

"मग बरं आहे. तुझ्या बापाच्या हातात पाना देऊ नकोस, एवढंच."

मी काहीतरी बोलायला गेलो, पण दादाने तोवर चपला काढल्या होत्या. फळी अंगणात ठेवली, माझ्या खांद्यावर हात टेकवला आणि आधी बरा पाय, मग तो दुसरा, असा वर चढला. फळी थोडी दबली, परत वर आली.

"हं," तो म्हणाला, "ढकल."