पाटी एक, चिठ्ठ्या शंभर

नगर जिल्ह्यात ‘आवर्तन’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले; त्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांना पाळीपाळीने सुटते आणि संगमनेरपासून नेवाशापर्यंतचा बागाईतदार त्या पाळीकडे डोळे लावून बसतो. संगणकाच्या आज्ञावलीतही अशीच आवर्तने असतात. तेच काम पुनःपुन्हा करावयाचे. बदलतो तो फक्त ज्याच्यावर काम करावयाचे तो जिन्नस. या बदलत्या जिन्नसाला दिलेले नाव म्हणजे आवर्तनाचा ‘चल’. हा चल प्रत्येक फेरीला नवा मानावयाचा, की एकच पुसून पुन्हा लिहावयाचा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचे उत्तर बदलण्यास जगातील शहाण्या माणसांना वर्षानुवर्षे लागली, आणि तो इतिहास मनोरंजक आहे.

प्रश्न समजण्यासाठी आपण एका कल्पित साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जाऊ. उसाच्या गाड्यांची रांग लागली आहे. कारकुनापुढे एक पाटी आहे. गाडी काट्यावर आली की तो पाटी पुसतो आणि नव्या शेतकऱ्याचे नाव व वजन तीवर लिहितो. हिशेब तिथल्या तिथे चुकता होत असेल तर यात काहीच बिघडत नाही. पण समजा, कारकुनाने प्रत्येकाला ‘तुमचे वजन पाटीवर पाहा’ एवढीच चिठ्ठी दिली, आणि हिशेब संध्याकाळवर टाकला. संध्याकाळी शंभर शेतकरी चिठ्ठ्या घेऊन येतात. पाटीवर नाव असते ते शेवटच्या गाडीवाल्याचे! चिठ्ठी एकाचीही खोटी नाही; तरी नव्याण्णवांची फसगत झाली.

आरंभीच्या काळी ही अडचण सहसा जाणवली नाही, कारण हिशेब तिथल्या तिथे होत असे. १९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फॉरट्रान भाषा निघाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे यंत्र आले, तेव्हा तेथेही या भाषेचा वापर होऊ लागला. तिच्यात खोड होती ती निराळी. गाड्या शून्य असल्या तरी बहुतेक यंत्रांवर निदान एक फेरी होऊन जाई. फॉरट्रान ७७ च्या नियमांनी ही खोड मोडली. शून्य गाड्यांना शून्य फेऱ्या. मात्र जुन्या आज्ञावल्या त्या एका फेरीवर विसंबून लिहिलेल्या असतील, म्हणून काही भाषांतरक आज्ञावल्यांनी जुन्या चालीने चालण्याची सोय शिल्लक ठेवली. पुढच्या साऱ्या कथेचे बीज या सोयीत आहे.

पुढे अशा भाषा आल्या, की ज्यांत काम आज नेमून उद्या करवून घेता येते. म्हणजेच चिठ्ठ्या वाटता येतात. येथे पाटीचा दोष उघडा पडला. त्यावर तीन मार्ग निघाले. सी शार्प भाषेने २०१२ साली आपल्या एका प्रकारच्या आवर्तनाचा नियमच सर्वांसाठी बदलला. जावास्क्रिप्टने २०१५ साली जुना शब्द तसाच ठेवून ‘लेट’ हा नवा शब्द दिला. जुने लेखन जुन्या शब्दाने चालू राहिले. तिसरा मार्ग गो भाषेचा.

ग्रीझमर, पाइक आणि टॉम्पसन यांनी गूगलमध्ये घडवलेली ही भाषा २००९ साली प्रसिद्ध झाली. २०१२ मध्ये तिच्या पहिल्या स्थिर आवृत्तीबरोबर वचन देण्यात आले, की आज चालणारी आज्ञावली पुढेही चालेल. तिचे आवर्तन मात्र पाटीचेच होते. त्याची किंमत २०२० साली दिसली. संकेतस्थळांना सुरक्षिततेची प्रमाणपत्रे फुकट देणाऱ्या लेट्स एनक्रिप्ट या संस्थेच्या आज्ञावलीत, अनेक नावांची फेरतपासणी करावयाची असता एकच नाव पुनःपुन्हा तपासले जाई. ३० लाखांहून अधिक प्रमाणपत्रे सदोष ठरली. त्यांतील १७ लाखांवर काही दिवसांतच रद्द करावी लागली.

दोष तर काढावयाचा, आणि वचनही मोडावयाचे नाही! रस कॉक्स आणि डेव्हिड चेस यांनी २०२३ मध्ये मांडलेला तोडगा असा : प्रत्येक आज्ञावली-संचाच्या नोंदवहीत तो भाषेच्या कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला हे नमूद असतेच. जेथे १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिली असेल तेथे प्रत्येक फेरीला नवी पाटी. तेथून मागे जुनाच नियम. गूगलने आपल्या अवाढव्य संग्रहावर आधी प्रयोग करून पाहिला. तेव्हा मौज अशी झाली, की काही चाचण्या नव्याने नापास झाल्या. त्या पूर्वी उत्तीर्ण होत त्या केवळ शेवटची गाडी तपासून! नव्या नियमाने त्या प्रथमच खऱ्या अर्थाने चालल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम अमलात आला.

मराठी वाचकाला ही युक्ती परकी वाटू नये. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांना शासनाची मान्यता मिळाली आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पण केशवसुतपूर्व पद्य आणि चिपळूणकरपूर्व गद्य यांतील उतारे मुळाबरहुकूम छापावेत, असेही महामंडळाचे नियम सांगतात. आपल्या जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव बदलून अहिल्यानगर झाले तेही २०२४ सालीच. म्हणून आजोबांच्या खरेदीखतावरील नाव कोणी खोडायला जात नाही. ते खत त्याच्या तारखेसह वाचावयाचे असते.

ज्याने जुन्या नियमाला धरून प्रामाणिकपणे लिहिले, त्याला नव्या नियमाने गुन्हेगार ठरवू नये. आणि त्याच्यासाठी नव्याने लिहिणाऱ्याला जुन्या दोषात कायमचे कोंडूही नये. या दोहोंमध्ये मेळ घालावयाला फार मोठे यंत्र लागले नाही. लिहिणाऱ्याने आपल्या कागदावर घातलेला आवृत्तीचा एक आकडा पुरला.