बोलणे उपचार केव्हा होते?

इंग्रजी अमदानीत आजच्या महाराष्ट्रात चार मोठी मनोरुग्णालये उभी राहिली : नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा. सोलापूरकरांना त्यातले जवळचे येरवडा, तेही सुमारे अडीचशे किलोमीटरवर. 'याला येरवड्याला पाठवा' ही थट्टा आपण सर्वांनी ऐकलेली असते. तिच्यामागे एक समजूत दडलेली आहे. माणूस एकतर शहाणा, नाहीतर कोंडून ठेवण्याजोगा. मधल्या अवस्थेतल्या माणसाने, म्हणजे ज्याला झोप लागत नाही, वर्गात लक्ष लागत नाही, जगणे नकोसे वाटते, त्याने कोठे जायचे? देवऋषी, अंगारा, नाहीतर 'मन घट्ट कर' हा सल्ला, एवढेच बहुतेकांच्या वाट्याला येई. या मधल्या माणसासाठी 'बोलणे' हा उपचार कसा घडत गेला, ते पाहू.

डिसेंबर १८८० मध्ये व्हिएन्नातील डॉक्टर योसेफ ब्रॉयर एका २१ वर्षांच्या मुलीवर उपचार करू लागले. हातपाय लुळे पडणे, भास होणे, मातृभाषा जर्मन असून केवळ इंग्रजीतच बोलता येणे, अशी तिची लक्षणे होती. मनात साठलेले सांगितले की तिला काही काळ हलके वाटे. या प्रकाराला तिनेच 'बोलण्याचा उपचार' असे नाव दिले, आणि गमतीने 'धुराडे साफ करणे' असेही. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी तिची हकिकत 'आना ओ.' या टोपणनावाने छापली व उपचार यशस्वी झाल्याचे सांगितले. पुढे संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा दिसले की उपचार थांबल्यावर, १८८२ मध्येच, तिला आरोग्यधामात दाखल करावे लागले होते. ही बेर्था पापेनहाइम नंतर स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारी नामवंत कार्यकर्ती झाली. पण त्याचे श्रेय त्या उपचाराला देता येत नाही. एका रोग्याची सुरस कथा म्हणजे पुरावा नव्हे, हे या शाखेला पहिल्याच प्रकरणात शिकायला मिळाले. ती शिकली मात्र फार उशिरा.

भारतात ही विद्या लवकर आली. कलकत्त्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि मतभेद मांडायला ते कचरत नसत. मराठीतला धागाही पत्रांतूनच विणला गेला. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस मनोविश्लेषण सोडून १९५५ च्या सुमारास स्वतःची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडू लागले. मुंबईचे कि. मो. फडके यांनी १९६८ मध्ये त्यांना पत्रे लिहायला सुरुवात केली, आणि तो पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. फडक्यांनी ही पद्धती मराठीत आणली.

तिचे मर्म वर्गातल्या उदाहरणाने कळेल. दहावीत गुण कमी पडले, ही घटना. मुलगा खचला, हा परिणाम. आपण म्हणतो, गुणांमुळे खचला. एलिस म्हणतात, मधली एक पायरी राहिली : 'मला चांगले गुण मिळायलाच हवेत, नाहीतर मी नालायक' हा त्याचा समज. तोच गुण मिळालेला शेजारचा मुलगा नुसता हिरमुसतो. उपचारक हा समज मुलाकडूनच तपासून घेतो. पुरावा कोठे आहे, असे त्याला विचारतो. आम्हा विज्ञानवाल्यांना ही पद्धत जवळची वाटते, हे कबूल केले पाहिजे.

पण जवळची वाटणे वेगळे, गुण येणे वेगळे. त्यासाठी तुलना हवी. तशी तुलना आपल्या शेजारी गोव्यात झाली. तेथील 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. दोन्ही गटांना केंद्राचे नेहमीचे उपचार मिळाले. एका गटाला त्याशिवाय सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटात ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते, दुसऱ्यात ३९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या काळाने आणि नेहमीच्या उपचारांनी किती जण सावरतात, तेही यात दिसते, आना ओ.च्या कथेत ते दिसणे शक्यच नव्हते.

यातली चकित करणारी गोष्ट अशी की समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन तयार केले होते. मग पदवी कशाला पाहायची? असा प्रश्न कोणी विचारील, आणि पाटी लावून बसलेले काही जण तो आनंदाने विचारतील. पण त्या समुपदेशकांची चौकट पाहा. एकच ठरलेली पद्धत, एकच आजार, बैठकांचे ध्वनिमुद्रण, ते ऐकून चुका दाखवणारे सहकारी, आणि वर तज्ज्ञांची देखरेख. एकटा बसणाऱ्या उपचारकावर अशी नजर नसते. तेथे त्याचे शिक्षण आणि नोंदणी हीच काय ती आपल्या हातातली खूण.

म्हणून कोण काय आहे, हे शिक्षकाला ठाऊक हवे. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. नंतर या विषयाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधे तो देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. गेली अनेक वर्षे यासाठी एम.ए. नंतर दोन वर्षांचे रुग्णालयातले शिक्षण लागत असे; आता अभ्यासक्रम बदलत आहेत. 'समुपदेशक' हा शब्द मात्र सैल आहे. २०२१ च्या कायद्याने त्यांनाही नोंदणीच्या कक्षेत आणले, तरी ती व्यवस्था अजून नीट बसलेली नाही. तेव्हा सरळ विचारावे : शिक्षण कोठे झाले, नोंदणी क्रमांक काय, कोणती पद्धत वापरता, साधारण किती बैठका लागतील, आणि तुम्हाला न झेपणारा रुग्ण कोणाकडे पाठवता? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, किंवा 'हमखास बरा करतो' असे उत्तर आले, तर उठून यावे. चालू औषधे परस्पर बंद करायला सांगणाऱ्याकडून तर लगेच.

सोलापुरात १९६३ साली सुरू झालेल्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. चौकशीची सुरुवात तेथे करता येते. २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते. मूल जीव देण्याची भाषा बोलत असेल, तर पदव्या तपासत बसू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.