नवी आवृत्ती आली, पण जुना खेळ कुणाचा?

'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिली असेल त्यांना ते दृश्य आठवेल. तळघरात टेबलाभोवती चार पोरं बसलीत, एक जण गोष्ट सांगतोय, फासा घरंगळतो आणि पोरं ओरडतात. त्या खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. पन्नास वर्षांत त्याच्या नियमांच्या पाच मोठ्या आवृत्त्या निघाल्या आणि दर वेळी भांडण तेच: हे सुधारलं की बिघडवलं? भांडण वरवर पोरखेळाचं वाटतं, पण तसं ते नाही.

मुळात १९७४ मध्ये विकायला आला तो जेमतेम अर्धा खेळ होता. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाचा गॅरी गायगॅक्स आणि त्याचा सहलेखक डेव्ह अर्नेसन यांनी एका खोक्यात तीन पुस्तिका घातल्या आणि हजार प्रती काढल्या. लढाईसाठी गायगॅक्सच्याच आधीच्या 'चेनमेल'चे नियम घ्या, रानावनातल्या प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीच्या एका खेळाचा पट वापरा, असा सगळा मामला. उरलेलं ज्याचं त्यानं भरायचं. त्यामुळे गावागणिक खेळ वेगळा. जुनी मंडळी आजही ज्याच्यासाठी हळहळतात, तो मोकळेपणा या अपुरेपणातूनच आला होता.

मग १९७७ ते ७९ या काळात 'ॲडव्हान्स्ड' नावाची जाडजूड पुस्तकं आली. स्पर्धांसाठी सगळीकडे एकसारखे नियम हवेत हे कारण खरंच होतं. पण त्याच सुमारास या नव्या पुस्तकांवर अर्नेसनला मानधन द्यायचं की नाही हा वादही पेटला. १९७९ मध्ये तो कोर्टात गेला, १९८१ मध्ये तडजोड झाली. म्हणजे 'ही सुधारित आवृत्ती की वेगळाच खेळ' या प्रश्नावर अगदी सुरुवातीपासून पैसे अडकलेले आहेत.

आता सरळ सांगतो, काही सुधारणा निर्विवाद आहेत. १९७८ च्या पुस्तकात स्त्री पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा कमी होती. उडत्या ड्रॅगनवर विश्वास ठेवायचा, पण दणकट बाईवर नाही! १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते गेलं, बरं झालं.

तीच गोष्ट 'थॅको'ची. जुन्या पद्धतीत चिलखत जितकं चांगलं तितका आकडा लहान, अगदी शून्याच्याही खाली जायचा. तुमचा थॅको १८ आणि शत्रूचं चिलखत ३, तर वीस बाजूंच्या फाशावर १५ हवेत. चिलखत उणे २ असेल तर? १८ वजा उणे २, म्हणजे २०. ऐन लढाईत पोरं वजाबाक्या करत बसायची. २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीनं हे उलटवलं: चिलखत चांगलं तर आकडा मोठा, फाशात आपली भर घाला, तेवढे आले की वार लागला. ज्यांना थॅकोची आठवण येते, त्यांना खरं तर आपलं सोळावं वर्ष आठवत असतं.

पण त्याच १९८९ च्या आवृत्तीनं सैतान आणि राक्षसांची नावंही बदलून टाकली. अमेरिकेत तेव्हा हा खेळ पोरांना सैतानाच्या नादी लावतो अशी ओरड होती. कंपनीनं 'टनारी', 'बाटेझू' अशी नावं शोधून काढली आणि मारेकऱ्याचा पात्रप्रकारच वगळला. ही भीतीपोटी केलेली काटछाट, हिला सुधारणा कोण म्हणेल? म्हणजे एकाच पुस्तकात एक पाऊल पुढे, एक मागे.

२००८ ची चौथी आवृत्ती मला सगळ्यांत शिकवण्यासारखी वाटते. नियम म्हणून ती फार नेटकी होती. जादूगाराला जेवढे डाव, तेवढेच तलवारवाल्यालाही. तरी अनेकांना ती कॉम्प्युटर गेमसारखी वाटली. आणि इथं खेळाडूंकडे एक हत्यार होतं. २००० मध्ये कंपनीनंच नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली दिला होता. त्याच्या जोरावर पायझो या दुसऱ्या कंपनीनं २००९ मध्ये जुने नियम पुढे नेत 'पाथफाइंडर' काढला, आणि मूळ कंपनीचेच गिऱ्हाईक तिकडे गेले. त्याआधी २००६ मध्ये काही हौशी लोकांनी त्याच परवान्यावर थेट पहिल्या आवृत्तीचे नियम पुन्हा लिहून फुकट वाटले होते.

याच २००९ मध्ये कंपनीनं पायरसीचं कारण देऊन जुन्या पुस्तकांच्या पीडीएफची विक्री बंद केली. ती २०१३ ला परत सुरू झाली. मधली जवळपास चार वर्षं जुना खेळ डिजिटल रूपात रीतसर विकत मिळत नव्हता.

२०१४ ची पाचवी आवृत्ती मात्र कंपनीनं आधी दोनेक वर्षं लोकांना खेळायला देऊन, विचारून विचारून काढली. ती तुफान चालली. आणि चालली म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये तो खुला परवाना मोडीत काढायचा मसुदा बाहेर फुटला: साडेसात लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत वाटा, शिवाय जुना परवाना रद्द. एवढा गदारोळ झाला की महिना संपायच्या आत कंपनीनं माघार घेतली आणि नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये टाकला. तो आता परत घेता येत नाही.

कुणी म्हणेल, आवृत्त्या निघणारच, धंदा आहे. असेल. पण १९८१ चा 'कॉल ऑफ क्थुलू' बघा. त्याच्या सहा आवृत्त्या निघाल्या तरी मूळ नियम जवळपास तेच राहिले, जुनी साहसं नव्या पुस्तकावर खेळता यायची. मोठा बदल आला तो थेट सातवीत.

२०२४ मध्ये पाचवीचीच दुरुस्त आवृत्ती आली. नियमांत मला त्यातलं बरंच आवडलं. पण ती यायच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये कंपनीच्या ऑनलाइन सेवेनं जाहीर केलं की पात्रांच्या डिजिटल पानावरचे जुने मंत्र आणि वस्तू आपोआप नव्यानं बदलल्या जातील. तेच मंत्र लोकांनी पैसे मोजून घेतलेले. जुनंच हवं असेल तर स्वतः टाइप करून घ्या, असा सल्ला. बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांतच निर्णय फिरवला. १९७८ चं कागदी पुस्तक ज्याच्या कपाटात आहे, त्याला असल्या जाहीरनाम्याची वाट बघावी लागली नव्हती.