परसदार

गेल्या वर्षी वैशाखात धाकटा भाऊ मुंबईहून गावी आला, मागील दार उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, हे काय होऊ दिलेस?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आईचे गुडघे धरले तेव्हापासून, म्हणजे तीन पावसाळे, परसदाराकडे कुणाचे लक्ष नव्हते. न्हाणीच्या पन्हळीखाली चिखल, विहिरीच्या काठाशी फुटक्या कौलांचा ढीग, कुंपणाचा शेर निम्मा वाळलेला आणि मध्ये घाणेरीचे रान. भावाने त्याच दिवशी गवंडी बोलावला. सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवायचे, चार कुंड्या मांडायच्या, की काम झाले! गवंड्याने टेप लावून जो आकडा सांगितला तो शाळामास्तराच्या दोन महिन्यांच्या पगारात मावत नव्हता. भाऊ निम्मे द्यायला तयार होता. उंबऱ्यावर बसलेली आई एवढेच म्हणाली, "मग न्हाणीचे पाणी कुठे जाईल रे?"

गवंड्याजवळ याला उत्तर होते : नळी घालून गटारात. माझ्याजवळ मात्र नव्हते. मी शाळेत इतिहास शिकवतो. लढाया आणि तह यांची साले मुलांकडून घोकून घेण्यात माझी वीस वर्षे गेली. पण ज्या दारातून आपली आई दिवसातून दहादा ये-जा करीत होती, त्या दाराबाहेरचा इतिहास मला ठाऊक नाही, हे त्या दिवशी प्रथम जाणवले. मग सुट्टीत तोच उद्योग घेऊन बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की बाग वेगळी आणि परस वेगळे. बागेचा आरंभ पैशापासून होतो. १५२६ मध्ये पानिपत जिंकून आल्यावर बाबराला हिंदुस्थानात वाहते पाणी आणि आखीव बागा दिसेनात, म्हणून त्याने आग्र्याला यमुनेकाठी आपली बाग आखली. आमच्या नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजहून पुण्यात नळ आणून हौद भरवले, पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले आणि हिराबाग उठवली. पुढे साहेबांच्या बंगल्यांपुढे हिरवळी आल्या, त्यांच्यामागे माळी आले. या सगळ्यांना पाणी दुरून आणावे लागले. परसाला कुणी पाणी आणले नाही. घरात वापरून झालेले पाणी जिथे जाते, तिथे परस आपोआप सुरू होते.

त्याची नावेही साधीच. कुठे परस, कुठे परसू, कुठे परडे, कुठे नुसते मागील दार. 'परसाकडे जाणे' हा वाक्प्रचारही याच जागेने भाषेला दिला. दिवाळीच्या अंकात त्याविषयी अधिक बोलत नाही! तर न्हाणीचे पाणी अळूला, कर्दळीला आणि केळीला. तांदूळ धुतलेले पाणी कढीलिंबाला. चुलीची राख वांग्यांच्या आळ्यात, आणि शेण तर घरचेच. अळवाच्या पानाची वडी खाताना ते कोणत्या पाण्यावर वाढले याची चौकशी आपण कधी केली नाही, हे बरेच झाले म्हणायचे.

लावलेल्या झाडाची किंमत आपल्या राज्यकर्त्यांनाही कळत होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले 'आज्ञापत्र' हे १७१५ च्या सुमाराचे. त्यात आरमाराला लाकूड लागते म्हणून रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, असे बजावले आहे. कारण असे, की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात, आणि तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच न्यावे. हे मी भावाला पत्राने कळवले. "आपल्याकडे आरमार नाही," असे त्याचे उत्तर आले.

पुढच्या शोधाने मात्र मीच चकित झालो. आईच्या परसातले जे जे मी अस्सल मराठी समजत होतो, त्यातले निम्मे समुद्रापलीकडून आलेले निघाले! कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या बेटांवर पोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेले. ब्राझीलही त्यांच्याच ताब्यात, त्यामुळे दोन्ही किनाऱ्यांमध्ये गलबते फिरू लागली आणि त्यांतून रोपे-बिया उतरल्या. काजू, अननस, पपई, बटाटा हे शब्ददेखील आपण त्यांच्याच तोंडून उचलले. मिरची त्याच वाटेने आली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी मिरची पाहिलीसुद्धा नव्हती. त्या काळी तिखटपणा होता तो मिऱ्याचा आणि आल्याचा. ठेच्याशिवाय भाकरी, ही कल्पनाच आज करवत नाही.

सीताफळाचे तर नवल आहे. काहींना ते आपल्या प्राचीन शिल्पांत दिसले आहे, पण वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे मूळ अमेरिकेतच सांगतात. नाव मात्र सीतेचे, आणि भावंड रामफळ! परक्याला घरात घ्यायचे तर थेट रामायणात नेऊन बसवायचे, हे आपल्या बायकांनाच सुचावे. गुलबक्षीही अमेरिकेचीच, कर्दळही तिथलीच. १७५३ मध्ये लिनियसने कर्दळीच्या नावात 'इंडिका' घातले, म्हणून ती इथली झाली नाही. सांडपाणी पिऊन ही कर्दळ तरारते, ते आईला माहीत होते. आता इंजिनियर लोकही पाणी शुद्ध करण्यासाठी मुद्दाम कर्दळीचे वाफे करतात. सदाफुली मादागास्करची. १९५० च्या दशकात कॅनडात दोन शास्त्रज्ञ मधुमेहावर तिचा उपयोग होतो का ते पाहत होते. तो तर दिसला नाही, पण तिच्या अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात असे आढळले. त्यातून आणि पुढे झालेल्या शोधांतून जी औषधे निघाली, त्यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली किती तरी मुले वाचली. (पाला घरी चघळून पाहू नये, विषारी आहे.)

आणि झेंडू. ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही आणि दिवाळीचे तोरण बांधून होत नाही, तो झेंडू मेक्सिकोचा. तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागेच, गेलेल्या माणसांची आठवण करतात. घरी त्यांच्यासाठी अन्न मांडतात, दिवे लावतात आणि त्यांना वाट दिसावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. तिथे पितरांना वाट दाखवणारे फूल आपण लक्ष्मीच्या वाटेवर मांडले.

ही सगळी मंडळी घरोघरी पोचली कशी? विकत कुणी घेतली नाहीत. माहेरहून येताना ओच्यात बांधलेले बी, शेजारणीने कुंपणावरून दिलेली फांदी, वाटेत उपटलेला कंद. जे फुकट देता येते तेच परसात टिकले. उलट ती घाणेरी पाहा. अमेरिकेतून १८०९ च्या सुमारास तिला शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या सरकारी बागेत मानाने आणले होते. आज ती देशभरच्या रानांत माजली आहे आणि आमच्या विहिरीपर्यंत पोचली होती.

मोठ्या माणसांनाही परस आठवते ते अडचणीत. १९६५ मध्ये देशात धान्याची टंचाई झाली, तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि दिल्लीतल्या आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर धरला.

मी नांगर धरला नाही, पण कुदळ घेतली. मृगाच्या आधी दोन गडी लावून घाणेरी मुळासकट काढली. फुटकी कौले वाफ्यांच्या कडेला उभी रोवली. ढीगही गेला आणि गवंडीही लागला नाही. शेराच्या काड्या तोडून कुंपणाच्या फटींत खोचल्या. "चीक डोळ्यांत जाऊ देऊ नकोस," हे आई उंबऱ्यावरून दर काडीला सांगत होती. कर्दळीचे गड्डे शाळेच्या आवारातून आणले, अळूचे कंद शेजारच्या काकूंनी दिले, शेवग्याची फांदी पाटलांच्या बांधावरची. झेंडूचे बी कुठून आणावे, या विचारात होतो, तर सौभाग्यवतीने माळ्यावरून आदल्या दसऱ्याचे सुकलेले तोरण काढून माझ्या हातात दिले. शेणखताची एक ट्रॉली आणि गड्यांची मजुरी धरून सगळा हिशेब अडीच हजारांच्या आत बसला. शेवग्याची फांदी मात्र पहिल्या पावसात कुजली. दुसरी आणावी लागली. मिरच्यांवर चुरडा पडला, तो आजतागायत गेलेला नाही.

भाऊ दिवाळीला आला तो रात्रीच्या गाडीने, तेव्हा अंधारात त्याला काही दिसले नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिली आंघोळ त्याची. आई त्याला तेल लावून मागील उंबऱ्यावर येऊन बसली. आत तांब्याचा आवाज होत होता. पणतीच्या उजेडात पन्हळीतून उटण्याचे पिवळसर पाणी आले, मी उन्हाळ्यात काढलेल्या पाटाने कौलांच्या कडेकडेने गेले आणि कर्दळीच्या बुडाशी जिरले. आई ते शेवटपर्यंत पाहत होती. भाऊ पंचा गुंडाळून बाहेर आला तेव्हा म्हणाली, "अजून दोन तांबे ओत रे. केळीपर्यंत पोचले नाही."