लाला आणि चिनार

बाग लावूं पाहणाऱ्या मनुष्यापुढें एक जुना प्रश्न उभा राहतो. हातीं असलेल्या जागेंत दरवर्षीं फुटणारीं कंदाचीं फुलझाडें लावावींत, कीं नातवंडांना छाया देईल असा एखादा वृक्ष लावावा? फुलझाड लावणाराला आपल्या श्रमाचें चीज पुढच्या वसंतांतच दिसतें. वृक्ष लावणाराला तें पूर्णपणें कधींच दिसत नाहीं. हा प्रश्न वरवर पाहतां माळ्याचा वाटतो. परंतु मोठमोठ्या बादशहांनींही तो आपापल्या परीनें सोडविला आहे, आणि त्यांचें उत्तर काश्मीरच्या खोऱ्यांत आजही वाचतां येतें. तेथलें फुलझाड म्हणजे लाला, आणि वृक्ष म्हणजे चिनार.

लाला हा फारसी शब्द अंमळ सैल आहे. खसखशीच्या कुळांतल्या तांबड्या रानफुलांनाही तो लावतात. पण बागेच्या गोष्टी बोलतांना त्याचा अर्थ बहुधा ट्यूलिप असा घ्यावयाचा. याचा जीव कंदांत असतो. हिंवाळ्याची कडक थंडी सोसल्याखेरीज हा कंद नीट फुलत नाहीं. बर्फ वितळलें कीं पानें वर येतात, पेल्यासारखें फूल उमलतें, थोड्याच दिवसांत गळतें, आणि उन्हाळा चढण्यापूर्वीं सगळें झाड वाळून पुन्हा जमिनींत लपतें. चिनाराचें सर्वच उलट. त्याचें फूल कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. पंजाच्या आकाराचीं रुंद पानें, उन्हाळ्यांतली दाट छाया, शरदांत पानांना चढणारा विस्तवासारखा रंग आणि शतकानुशतकें वाढत जाणारा बुंधा ही त्याची संपत्ति.

या दोघांची आवड मोगलांनीं काबूलहून बरोबर आणली. बाबरानें १५०४ सालीं काबूल घेतलें. तेथल्या डोंगरपायथ्याशीं फुलणाऱ्या लालाच्या जाती त्यानें एकदां मोजविल्या, तेव्हां त्या ३२-३३ भरल्या, असें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. लढाया आणि धावपळ यांत आयुष्य काढणाऱ्या पुरुषानें फुलें मोजण्यास माणसें लावावींत, हें त्याच्या स्वभावाचें मोठें गमक होय. त्याच ग्रंथांत इस्तालिफ गांवच्या बागेचें वर्णन येतें. ही बाग पूर्वींच्या एका मिर्झानें बळकावलेली होती. बाबरानें तिची किंमत मालकांना चुकती केली. बागेबाहेर मोठमोठे चिनार होते, आणि त्यांच्या छायेचें तो मनापासून कौतुक करतो. बागेंतून वांकडातिकडा वाहणारा ओढा त्यानें सरळ करविला. पुढें १५२६ सालीं पानिपत जिंकून तो आग्र्यास आला, तेव्हां त्या धुळीच्या प्रदेशांतही त्यानें वाफे आंखून त्यांत गुलाब आणि नर्गिस लावले. वाहतें पाणी, फूल आणि छाया या तिहींची मिळून बाग होते, ही कल्पना त्याच्या वंशजांनीं काश्मिरांत नेली.

अकबराच्या सैन्यानें १५८६ सालीं काश्मीर जिंकलें आणि १५८९ सालीं बादशहा स्वतः तेथें गेला. चिनार हा मोगलांनींच इराणांतून काश्मिरांत आणला, अशी एक समजूत पुष्कळ वर्षें चालत आली आहे. ती खरी मानतां येत नाहीं, आणि तिच्याविरुद्धचा उत्तम साक्षीदार मोगल घराण्यांतलाच आहे. जहांगिरानें आपल्या रोजनिशींत श्रीनगरजवळच्या एका चिनाराची हकीकत दिली आहे. त्याचा बुंधा आंतून जळून पोकळ झालेला होता. तरुणपणीं जहांगीर घोड्यावर बसून, आणखी पांच खोगीर घातलेले घोडे व दोन सेवक बरोबर घेऊन, त्या पोकळींत शिरला होता. ही गोष्ट सांगितली कीं ऐकणारांना आश्चर्य वाटे; म्हणून पुढें पुन्हा तेथें गेला असतां त्यानें माणसें आंत पाठवून ती पडताळून पाहिली. अकबरानें त्याच झाडांत ३४ माणसें उभीं केलीं होतीं, असा अकबरनाम्याचा दाखलाही तो देतो. आतां, जें झाड अकबराच्या काळींच एवढें जुनें आणि पोकळ झालेलें होतें, तें अकबरानें लावलेलें असणें शक्य नाहीं. शिवाय खोऱ्यांतील लोकांपाशीं या वृक्षाला बूनी हें त्यांच्या भाषेंतलें वेगळें नांव आहे. मोगलांचें श्रेय एवढेंच, कीं लोकांच्या ओळखीचा हा वृक्ष त्यांनीं रांगा आंखून बागांत लावला, आणि फार मोठ्या संख्येनें लावला.

जहांगिराचें मन फुलांतही तितकेंच रमे. १६२० सालचा वसंत त्यानें काश्मिरांत घालविला. खोऱ्यांतलीं फुलें मोजदादीपलीकडचीं आहेत असें सांगून तो लिहितो, कीं त्यांपैकीं शंभरांहून अधिक फुलांचीं चित्रें उस्ताद मन्सूर यानें काढलीं. या मन्सूराला त्यानें नादिर-उल-अस्र, म्हणजे युगांतील अद्वितीय, असा किताब दिला होता. त्या चित्रांपैकीं फारच थोडीं आज उरलीं आहेत. तांबड्या लालाचें एक प्रसिद्ध चित्र अलीगडच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे. याच रोजनिशींत आणखी एक मोलाची नोंद आहे. काश्मिरी लोक घरांच्या छपरांवर माती पसरतात आणि तींत लाला लावतात. तो वर्षानुवर्षें वसंतांत फुलतो. त्या वर्षीं राजवाड्याच्या लहान बागेंत आणि मुख्य मशिदीच्या छपरावर तो विशेष बहरला होता.

या छपरांची रचना समजून घेण्यासारखी आहे. ज्या भूर्जपत्रांवर काश्मीरच्या पंडितांनीं पोथ्या लिहिल्या, त्याच सालीचे थर लांकडी फळ्यांवर अंथरीत. ही साल पाणी आंत उतरूं देत नसे. तिच्यावर मातीचा जाड थर घातला कीं घर हिंवाळ्यांत ऊबदार राही, आणि गवताच्या व कंदांच्या मुळ्यांनीं ती माती धरून ठेवली जाई. लालालाही ही जागा मानवे. हिंवाळाभर अंगावर बर्फ, वसंतांत ओल, उन्हाळ्यांत कोरडी माती आणि दिवसभर ऊन, एवढेंच त्याला हवें असतें. बादशहानें ज्याचीं चित्रें काढविलीं, तें फूल अशा रीतीनें साध्या माणसाच्या घराचा एक भाग होतें.

बादशाही बागांत मात्र काळानें निराळी निवड केली. शालिमारची आंखणी १६१९ च्या सुमारास जहांगिराच्या आज्ञेनें सुरू झाली. १६३० च्या सुमारास शहाजहानच्या काळीं ती वाढविण्यांत आली. निशात बाग नूरजहानचा भाऊ आसफखान यानें १६३३ च्या सुमारास उभी केली. जहांगीर १६२७ सालीं काश्मीरहून परततांना वाटेंत वारला. त्यानें पाहिलेले ताटवे कसे होते, हें आज लेखांवरून आणि चित्रांवरूनच ताडावें लागतें. तेथें आज दिसणाऱ्या फुलांच्या ओळी पुढल्या काळच्या माळ्यांनीं लावलेल्या आहेत. दल सरोवराच्या कांठच्या नसीम बागेंत तर मोगली ताटवे मुळींच उरले नाहींत. तेथें चिनारांच्या रांगा आहेत, आणि त्यांच्याखालून काश्मीर विद्यापीठाचे विद्यार्थी ये-जा करतात. एवढ्यावरूनच निकाल द्यावयाचा, तर वृक्ष जिंकला असें म्हणावें लागेल.

पण हा निकाल घाईचा होईल. माळ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर या दोघांत फारशी स्पर्धा नाहीं. लाला फुलतो तेव्हां चिनाराच्या फांद्या उघड्या असतात, किंवा त्यांना नुकती पालवी फुटत असते. ऊन थेट जमिनीवर पडतें. छाया दाट होईपर्यंत पुढच्या वर्षापुरतें बरेंचसें अन्न कंदांत सांठलेलें असतें. उन्हाळाभर उन्हाची अपेक्षा करणाऱ्या गुलाबाला दाट छायेखालीं हें साधत नाहीं. तथापि, लहान अंगणांत चिनार लावणाऱ्यानें एक विचार अवश्य करावा. तो तेथें पाहुणा म्हणून राहत नाहीं, मालक होऊन बसतो. म्हणून बादशहांनीं त्याला सरोवराचा कांठ आणि डोंगराचा उतार दिला, आणि काश्मिरी गृहस्थानें छपरावर लाला लावला. ज्याची त्याची जागा दोघांनींही बरोबर ओळखली होती.

खरा फरक पुढल्या काळानें दाखविला. विसाव्या शतकांत मातीच्या छपरांची जागा पत्र्यानें घेतली. पत्रा हलका आणि निगराणीला सोपा. तो घालणाराला कोणी दोष देणार नाहीं. पण त्याबरोबर छपरावरचा लाला दुर्मिळ झाला. त्याला कोणी उपटून टाकला नाहीं. त्याच्या पायाखालची मातीच गेली. २००७ सालीं श्रीनगरांत झबरवान डोंगराच्या पायथ्याशीं ट्यूलिपची मोठी सरकारी बाग उघडण्यांत आली. ती वसंतांत सुमारें महिनाभर खुली असते आणि लाखों माणसें ती पाहावयास येतात. तिच्यासाठीं हॉलंडहून कंद आणवावे लागले. अशा संकरित जातींचे कंद बहुधा वर्षागणिक क्षीण होतात आणि त्यांच्या जागीं नवे लावावे लागतात. छपरावरचा लाला मात्र कोणी खर्च न करतां दरवर्षीं परत येई.

चिनारही संकटांतून सुटलेला नाहीं. रस्त्यांची रुंदी, घरांची बांधकामें आणि मुळांवर ओतलेलें सिमेंट यांपायीं पुष्कळ जुनीं झाडें गेलीं. तो तोडावयाचा तर स्वतःच्या अंगणांतही सरकारी परवानगी लागते. अलीकडे प्रत्येक चिनाराची नोंद करून त्याला क्रमांकाची पट्टी लावण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, आणि २०२५ च्या आरंभापर्यंत २८ हजारांहून अधिक झाडांची नोंद झाली. बाबरानें लाला मोजविला होता, त्यानंतर पांचशें वर्षांनीं चिनार मोजावा लागला. पहिली मोजणी कौतुकाची होती; दुसरी काळजीची आहे.

कंद चिवट असतो आणि वृक्ष दीर्घायु असतो, हें खरें. पण तेवढ्यानें बाग टिकत नाहीं. लाला शतकेंच्या शतकें फुलत राहिला, कारण लोक तशीं छपरें बांधीत. चिनार उभा राहिला, कारण त्याच्याखालीं बसण्याची संवय पिढ्यानपिढ्या मोडली नाहीं. आणि जेथें ती मोडली तेथें तोही गेला. म्हणून बाग लावणारानें फूल लावावें कीं छाया धरावी, हें ठरविण्यापूर्वीं आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्यामागें या घरांत त्याला पाणी कोण घालील? उत्तर खात्रीचें असेल तर वृक्ष लावण्यास उशीर करूं नये. नसेल, तर निदान चार कंद तरी मातींत घालावे, आणि त्यांतले दोन शेजाऱ्याला द्यावे.