कयाक, सागरी

समुद्रात व किनाऱ्यालगतच्या पाण्यात चालविण्याची अरुंद, लांबट आणि वरून झाकलेली एक हलकी होडी. वल्हविणारा तीत पुढे तोंड करून व पाय पसरून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने ती चालवितो. बैठकीच्या छिद्राच्या काठावर घट्ट बसणारे आच्छादन तो कमरेभोवती बांधतो. त्यामुळे लाटांचे पाणी आत शिरत नाही. उघड्या कनूपासून कयाक वेगळी ठरते ती याच वैशिष्ट्यामुळे. शिकारीचे साधन म्हणून आर्क्टिक प्रदेशात निर्माण झालेली ही होडी विसाव्या शतकात क्रीडा व हौशी पर्यटन यांचे साधन बनली. या स्थित्यंतरात होडीचा आकार प्रथम उचलला गेला. तिच्याशी निगडित असलेली कौशल्ये मात्र मागाहून व बऱ्याच प्राणहानीनंतर आत्मसात झाली.

मूळ स्वरूप : अलास्का व अल्यूशन बेटे यांपासून कॅनडाचा उत्तर किनारा आणि ग्रीनलंडपर्यंतच्या प्रदेशांत इन्युइट (पूर्वीचे रूढ नाव एस्किमो), अल्यूट व संबंधित लोकांनी कयाकचे अनेक प्रकार विकसित केले. झाडे नसलेल्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा करून तो कातडी वाद्यांनी वा स्नायुतंतूंनी बांधीत आणि त्यावर सीलचे कातडे ताणून बसवीत. सांगाडा पुरुष तयार करीत. कातडे शिवण्याचे काम स्त्रियांचे असे. टाके कातड्याच्या आरपार जाऊ न देता दुहेरी शिवण घालण्याच्या त्यांच्या कौशल्यावरच होडीची जलाभेद्यता अवलंबून असे. ग्रीनलंडची कयाक साधारणपणे ५ मी. लांब व सु. ५० सेंमी. रुंद असते. तिची मापे चालविणाऱ्याच्याच शरीरावरून, म्हणजे वाव, हात, वीत व बोटे यांनी, ठरवीत. त्यामुळे होडी एखाद्या वस्त्राप्रमाणे ज्याची त्यालाच नेमकी बसे.

सीलच्या कातड्याचा ‘तुइलिक’ हा टोपीसह असलेला अंगरखा चेहरा, मनगटे व बैठकीचा काठ यांभोवती आवळून बांधला, की माणूस व होडी मिळून एकच जलाभेद्य वस्तू होई. होडी उलटली, तरी शिकारी बाहेर पडत नसे. वल्ह्याचा रेटा व कमरेची हालचाल यांच्या साहाय्याने तो पाण्याखालून कोलांटी घेऊन पुन्हा सरळ होई. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात पोहून जीव वाचविणे अशक्य असल्याने ही कोलांटी म्हणजे जिवंत राहण्याची अट होती. वल्हे हरवले वा हात दोरीत अडकला, तरी सरळ होता यावे म्हणून तिचे अनेक प्रकार मुलांना शिकविले जात. डाव्हिड क्रांट्स या मिशनऱ्याने १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रीनलंडच्या इतिहासात या सरावाचे वर्णन केले आहे. असे असूनही धोका टळत नसे. कयाकवरील अपघात हे ग्रीनलंडमधील पुरुषांच्या मृत्यूंचे दीर्घकाळ एक प्रमुख कारण होते. शांत पाण्यावर एकट्याने दीर्घकाळ बसलेल्या शिकाऱ्याला तोल व दिशा यांचे भान सुटून भोवळ येण्याचा विकारही एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांनी नोंदविला आहे.

यूरोपातील प्रसार : जॉन मॅग्रेगर या स्कॉटिश गृहस्थाने १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ नावाची सु. ४.५ मी. लांबीची लाकडी होडी बांधून घेतली आणि दुहेरी पात्याच्या वल्ह्याने यूरोपातील नद्या व सरोवरे यांतून प्रवास केला. त्याच्या प्रवासवर्णनाने हौशी वल्हवणीची चळवळ सुरू झाली. मात्र रॉब रॉय रुंद व स्थिर होती; तिच्यात कोलांटीला स्थान नव्हते. पुढे आल्फ्रेट हॉयरिख या जर्मन विद्यार्थ्याने १९०५ मध्ये लाकडी सांगाडा व कापडी आवरण यांची घडीची कयाक तयार केली. रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने १९०७ मध्ये तिचे हक्क घेऊन उत्पादन सुरू केले. पिशव्यांत बांधून आगगाडीने नेता येणाऱ्या या होडीमुळे हा छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

घडीच्या कयाकने अनेक साहसे घडविली. फ्रान्ट्स रोमर याने १९२८ मध्ये अटलांटिक ओलांडला. परंतु वेस्ट इंडीजमधून पुढे निघाल्यावर तो वादळात नाहीसा झाला. ओस्कार श्पेक हा जर्मन तरुण १९३२ मध्ये उल्म येथून डॅन्यूब नदीने निघाला आणि भूमध्य समुद्र, युफ्रेटीस, इराणचे आखात, भारताचा किनारा, ब्रह्मदेश व इंडोनेशियाची बेटे या मार्गाने सात वर्षांनी, सप्टेंबर १९३९ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील टॉरस सामुद्रधुनीत पोहोचला. तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला तेथे स्थानबद्ध करण्यात आले. हानेस लिंडमान या डॉक्टराने १९५६ मध्ये घडीच्या कयाकमधून अटलांटिक पार केला.

कौशल्याचे हस्तांतर : ग्रीनलंडची कोलांटी यूरोपीयांनी बऱ्याच उशिरा आत्मसात केली. ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पाव्लाटा याने जुनी वर्णने वाचून १९२७ मध्ये ती साधली. १९३०–३१ च्या ब्रिटिश मोहिमेत जीनो वॉट्‌किन्स व त्याच्या काही सोबत्यांनी ती पूर्व ग्रीनलंडमधील शिकाऱ्यांकडून प्रत्यक्ष शिकून घेतली. वॉट्‌किन्स तीत निष्णात मानला जाई. तथापि ऑगस्ट १९३२ मध्ये तो एकटाच सीलच्या शिकारीला गेला असता त्याची रिकामी कयाक तरंगताना आढळली. तो सापडला नाही. एकटा माणूस होडीबाहेर फेकला गेला, तर केवळ कोलांटीचे कौशल्य त्याला वाचवू शकत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

केनेथ टेलर या ग्लासगोच्या विद्यार्थ्याने १९५९ मध्ये पश्चिम ग्रीनलंडमधील इग्लोर्सुइत येथून एक कयाक स्कॉटलंडला आणली. तिच्या मोजमापांवरून ब्रिटनमध्ये प्लायवुड व नंतर काचतंतूच्या अनेक होड्या तयार झाल्या. १९७५ च्या नॉर्डकॅप मोहिमेसाठी फ्रँक गुडमन याने केलेल्या आराखड्याच्या होड्या पुढे जगभर पसरल्या. याच काळात कयाकच्या अंतर्भागात जलाभेद्य आडभिंती घालून पुढे व मागे झाकणांचे खण करण्याची पद्धत रूढ झाली. बैठकीत पाणी भरले, तरी उरलेले खण होडीला तरंगती ठेवतात व तिच्यात पुन्हा चढता येते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची सुधारणा होय.

साधने व तंत्र : आधुनिक सागरी कयाकची लांबी साधारणपणे ५ ते ५.५ मी. व रुंदी ५५ ते ६० सेंमी. असते. धरण्यासाठी काठाने दोर, दिशा राखण्यासाठी सुकाणू किंवा खाली-वर करता येणारे तळपाते, पाणी उपसण्याचा पंप, जादा वल्हे आणि दुसऱ्या होडीस ओढण्याचा दोर ही साधने आवश्यक मानतात. तरंगजाकीट सतत अंगावर असावे लागते. होडीत नुसते ठेवलेले जाकीट उलटल्यावर हाती लागत नाही. संकटसूचनेसाठी शिटी, दारूचे बाण व जलाभेद्य बिनतारी संच वापरतात.

पोशाख हवेच्या नव्हे, तर पाण्याच्या तपमानानुसार निवडावा, असा नियम आहे. पाणी हवेपेक्षा सु. २५ पट उष्णतावाहक असते. १५° से. पेक्षा थंड पाण्यात पडताच पहिल्या काही मिनिटांत श्वास अनावर होतो. त्यानंतर हातपायांतील शक्ती जाते व शरीराचे तपमान धोकादायक पातळीपर्यंत उतरणे हे त्याहून उशिरा घडते. म्हणून पाण्यातून लवकर बाहेर निघणे ही खरी कसोटी असते. कोलांटी न साधल्यास सोबत्याच्या होडीवर आपल्या होडीचे टोक चढवून पाणी काढणे व पुन्हा आत बसणे या पद्धतीचा सराव करतात. यासाठी किमान तिघांनी एकत्र जावे, असा संकेत आहे.

एक दुर्घटना व तिचा परिणाम : २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात आठ विद्यार्थी, एक शिक्षक व दोन प्रशिक्षक कयाकमधून अल्पशा सफरीस निघाले. जमिनीकडून वाहणाऱ्या वाऱ्याने होड्या बाहेर समुद्रात ओढल्या गेल्या व उलटल्या. गटाजवळ संकटसूचक बाण नव्हते. मदत पोहोचण्यास कित्येक तास लागले आणि चार विद्यार्थी मृत्यू पावले. केंद्र चालविणारी कंपनी व तिचा प्रमुख यांना १९९४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविण्यात आले. पुढे १९९५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांसाठी साहसकेंद्रे चालविणाऱ्यांना परवाना अनिवार्य करणारा कायदा केला. होडी, जाकीट व उत्साह असले, तरी वाऱ्याची पारख व योग्य नेतृत्व नसेल, तर अल्प अंतरही प्राणघातक ठरते, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

भारतीय किनारा : कोकण व गोव्याच्या किनाऱ्यांवर व खाड्यांत पर्यटकांसाठी कयाक भाड्याने मिळू लागल्या आहेत. त्या बहुधा वरून बसण्याच्या, रुंद व प्लॅस्टिकच्या असतात; शांत खाडीत त्या सोईच्या, पण खुल्या समुद्रात वाऱ्यापुढे हतबल ठरतात. येथे पाणी उबदार असल्याने थंडीचा धोका कमी. मात्र ऊन, तहान, भरती-ओहोटी व वारे यांचा धोका मोठा आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या दिवशी भरतीची पातळी ४.५ मी. च्या वर जाते. अशा वेळी ओहोटीचा प्रवाह खाडीच्या मुखातून, सामान्य वल्हविणाऱ्याच्या ताशी सु. ५.५ किमी. या वेगाला निष्फळ करण्याइतका जोरदार होऊ शकतो. पहाटेचा मतलई वारा हलकी होडी नकळत किनाऱ्यापासून दूर नेतो आणि दुपारचा खारा वारा लाटा उसळवितो. जून ते सप्टेंबर या पावसाळी काळात खुला समुद्र अशा होड्यांना पूर्णतः वर्ज्य असतो. उधाण व भांग, मतलई व खारा वारा यांचे कोळी समाजाला पिढीजात असलेले ज्ञान हेच या किनाऱ्यावरील हौशी कयाकचालकाचे पहिले पाठ होत. ग्रीनलंडमध्ये मोटारबोटींमुळे लोपत चाललेली कयाकविद्या १९८० नंतर स्थानिक मंडळांनी पुनरुज्जीवित केली असून कोलांटीच्या स्पर्धा तेथे दरवर्षी भरतात.