कॉर्डची रचना आणि मुंबईतील गोमंतकीय संगीत संयोजक : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतीय रागसंगीत हे मूलतः एकल स्वररेषेचे संगीत आहे. तानपुऱ्याच्या आधारस्वरावर एकामागून एक येणाऱ्या स्वरांतून राग उलगडत जातो. पाश्चात्त्य संगीतात मात्र अनेक स्वर एकाच वेळी उमटतात व त्यांच्या परस्परसंबंधातून स्वरसंवाद, म्हणजेच हार्मनी, साकार होते. कॉर्ड हा या स्वरसंवादाचा मूलघटक होय. विसाव्या शतकातील मुंबईत चित्रपटसंगीताच्या निमित्ताने या दोन पद्धती एकत्र आल्या. त्यांची सांगड घालण्याचे कार्य प्रामुख्याने गोमंतकीय वादक व संयोजकांनी केले. त्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी प्रथम कॉर्डची रचना पाहणे आवश्यक ठरते.

कॉर्डची रचना :

मूलभूत कॉर्ड तीन स्वरांची असते. सप्तकातील एखादा स्वर आधार मानून त्यापासून तिसरा व पाचवा स्वर घेतला की ती सिद्ध होते. पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी शुद्ध स्वरांचा मानलेला बिलावल थाट पाश्चात्त्य मेजर सप्तकाशी जुळतो. त्यामुळे ही रचना सरगमच्या भाषेतही सांगता येते. सा-ग-प ही मेजर कॉर्ड होय. तीत सा ते ग हे अंतर चार अर्धस्वरांचे, तर ग ते प हे तीन अर्धस्वरांचे असते. गंधार कोमल केल्यास हा क्रम उलटतो व मायनर कॉर्ड मिळते. दोन्ही अंतरे तीन-तीन अर्धस्वरांची असल्यास डिमिनिश्ड, तर चार-चार अर्धस्वरांची असल्यास ऑगमेंटेड कॉर्ड तयार होते. स्वरांचा क्रम बदलून ग-प-सां असे वाजविले तरी कॉर्डचा आधारस्वर सा हाच राहतो, या तत्त्वाची मांडणी फ्रेंच संगीतज्ञ रामो यांनी १७२२ मध्ये आपल्या ग्रंथात केली. सा-ग-प, म-ध-सां आणि प-नी-रें या तीन कॉर्डमध्ये बिलावलचे सातही स्वर सामावतात.

गोमंतकीय परंपरा व मुंबई :

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिनवादनाचे शिक्षण मिळत असे. हे शिक्षण घेतलेले अनेक तरुण उपजीविकेसाठी मुंबईत आले व धोबीतलाव परिसरातील गावकऱ्यांच्या क्लबांत, म्हणजे 'कुडां'त, राहिले. जॅझ बँडमधील ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्यासमवेत 'अलबेला' (१९५१) या चित्रपटासाठी काम केले. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे संयोजन दीर्घकाळ सेबास्टियन डिसोझा यांनी केले. मजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईत येऊन नौशाद यांच्या वादकवृंदात दाखल झाले. १९५८ मध्ये त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' स्थापन केला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायक म्हणून सहभागी झाले होते.

राग आणि कॉर्ड : मूळ पेच

संगीतकार चाल गाऊन किंवा हार्मोनियमवर वाजवून दाखवीत, तर संयोजक ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देत. येथेच खरी कसोटी लागे. भूप रागात मध्यम व निषाद वर्ज्य असल्याने त्याच्या पाच स्वरांतून सा-ग-प आणि ध-सां-गं या दोनच पूर्ण कॉर्ड निघतात. मालकंसात पंचम वर्ज्य आहे. त्यामुळे खुद्द षड्जावर मेजर वा मायनर कॉर्ड रचता येत नाही. नियमानुसार कॉर्ड भरावी तर वर्ज्य स्वर येऊन रागाचे स्वरूप बिघडते आणि ती गाळावी तर वादकवृंदाला आधार उरत नाही. गायनाच्या मागून दुसरी स्वतंत्र स्वररेषा चालविणे, हा यावरील एक मार्ग होता. सेबास्टियन डिसोझा यांचे संयोजन अशा पूरक स्वररेषांसाठी विशेष ओळखले जाते. कॉर्डचे व्याकरण ज्ञात असल्याखेरीज तिचा असा विवेकपूर्ण त्याग शक्य नव्हता.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, मुंबईतील कॉर्डचा इतिहास हा केवळ पाश्चात्त्य अनुकरणाचा इतिहास नाही. रागाची मर्यादा व स्वरसंवादाची गरज यांमध्ये प्रत्येक गीतागणिक काढलेल्या तोडग्यांचा तो इतिहास आहे. गीताचे श्रेय मात्र मुख्यतः संगीतकाराच्या नावे नोंदले गेले. गोन्साल्विस यांचे नाव सर्वतोमुखी झाले तेही 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गीतामुळे, आणि तेव्हा मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील त्यांची कारकीर्द संपलेली होती. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. संयोजकांचे कौशल्य त्यांनी हाताने लिहिलेल्या स्वरलिपीच्या कागदांवर होते. अशा कागदांचे जतन व अभ्यास झाल्याखेरीज आधुनिक महाराष्ट्राच्या सांगीतिक इतिहासाचे हे प्रकरण अपूर्णच राहील.